कोऱ्या कागदाचा अर्थ काय?

एका कागदावर ‘होय’ लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘नाही’ लिहिले आहे आणि तिसरा कागद कोरा आहे. तिन्ही कागद एकावर एक ठेवले, तर सगळ्यांचे मिळून म्हणणे काय झाले?

असा प्रश्न परीक्षेत आला तर विद्यार्थी तक्रार करतील, आणि ती तक्रार रास्त असेल. वर कोणता कागद आहे हे सांगितलेले नाही. वरच्याने खालच्याला झाकून टाकायचे की दोघांचे म्हणणे एकत्र धरायचे, हेही सांगितलेले नाही. आणि कोऱ्या कागदाचे काय? कोरा म्हणजे ‘नाही’ की ‘मला यात काही म्हणायचे नाही’? एवढे ठरल्याशिवाय उत्तर निघत नाही. पण नेमका हाच प्रश्न विद्यापीठांतील आणि मोठ्या कार्यालयांतील संगणकयंत्रणा दिवसातून अनेकदा सोडवीत असतात, आणि त्याच्या उत्तरावरून कोणत्या माणसाला कोणत्या यंत्रात शिरू द्यायचे हे ठरते. शाळेत संगणक शिकवताना या प्रश्नाला आपण जागा देत नाही. ती द्यायला हवी असे माझे मत आहे, आणि ते का, हे या लेखात सांगणार आहे.

प्रथम ‘खाते’ म्हणजे काय ते पाहू. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या उपयोगासाठी चालू ठेवलेला संगणक. त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाचे एक खाते असते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी यूनिक्स ही प्रणाली सुरू केली. तिच्या कुळातील यंत्रांत, म्हणजे आजच्या लिनक्समध्येही, खात्यांची नोंद एका साध्या फाइलमध्ये असते. एका खात्याला एक ओळ आणि एका ओळीत विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने. त्यांतील तिसरा रकाना फार महत्त्वाचा, कारण त्यात खात्याचा क्रमांक असतो. एखादी फाइल कोणाच्या मालकीची आहे हे यंत्र नावावरून ओळखत नाही, या क्रमांकावरून ओळखते. नाव केवळ आपल्या सोयीसाठी. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिता बैठक क्रमांक लिहितात, तसाच हा प्रकार.

याशिवाय खाते कोणकोणत्या गटांत आहे हेही नोंदलेले असते. ‘मुद्रण’ गटात असाल तर छापता येईल, ‘प्रशासक’ गटात असाल तर यंत्रात वाटेल तो बदल करता येईल. आणि शेवटी असते चावी. ही लोखंडाची नव्हे, लांबलचक अंकांची. तिचा एक भाग माणसाजवळ आणि जोडीचा भाग यंत्रावर असतो. दोन्ही जुळले की परवलीचा शब्द न देताही दार उघडते.

एकच यंत्र असेल तर हे सारे हाताने लिहिता येते. चाळीस यंत्रे असली की हाताने लिहिणे म्हणजे चुकांना आमंत्रण. म्हणून माहिती थरांमध्ये लिहितात. सर्व यंत्रांना लागू असेल ते सर्वांत खालच्या थरात, एका विभागाच्या यंत्रांना लागू असेल ते मधल्या थरात, आणि एकाच यंत्रापुरते असेल ते सर्वांत वरच्या थरात. मग यंत्राने आपल्या वाट्याचे थर एकावर एक ठेवून स्वतःची यादी तयार करायची.

अशी पद्धत आपल्या शाळेत संगणक येण्यापूर्वीपासून आहे. राज्य शासन वर्षाच्या सुट्ट्यांची यादी काढते, जिल्हाधिकारी काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातही थोड्या सुट्ट्या असतात. विद्यार्थी या तिन्हींची बेरीज करतात; कोणी चुकूनही वजाबाकी करत नाही! मुख्याध्यापकांच्या सूचनेत दसऱ्याचा उल्लेख नाही, म्हणून त्या दिवशी दप्तर घेऊन कोणी शाळेत येत नाही. पण शाळा भरण्याच्या वेळेचे तसे नाही. तिथे जवळच्या सूचनेने जुन्या सूचनेवर मात केलेली असते. साडेदहा आणि साडेसात यांची बेरीज करून कोणी अठरा वाजता शाळेत येणार नाही. म्हणजे तीच माणसे, तेच सूचनाफलक, पण सुट्ट्यांना एक नियम आणि वेळेला दुसरा. आपण हे दोन्ही नियम इतक्या सहजपणे वापरतो की ते वेगळे आहेत याचे भान राहत नाही. यंत्राला मात्र ते सांगावे लागतात.

यंत्रांची अशी व्यवस्था आज्ञावलीकडून करवून घेण्याच्या कामात एका पदार्थविज्ञानाच्या माणसाचा मोठा वाटा आहे, हे सांगताना मला थोडा आनंद होतो. मार्क बर्जेस हे नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठात सैद्धांतिक पदार्थविज्ञानात संशोधन करीत होते. तेथील संगणक सांभाळण्याच्या गरजेतून त्यांनी १९९३ साली सीएफइंजिन ही आज्ञावली लिहिली. तिच्यामागची कल्पना विद्यार्थ्यांना लगेच समजेल. वाटीत गोटी कोठूनही सोडा, ती हेलकावे खाऊन शेवटी तळाशीच येऊन थांबते. त्याप्रमाणे यंत्राला ‘आधी हे कर, मग ते कर’ असे न सांगता ‘शेवटी तू अशा स्थितीत असायला हवेस’ एवढेच सांगायचे. यंत्र आता कोणत्याही स्थितीत असो, आज्ञावली त्याला त्या स्थितीकडे नेईल. तेथे पोचल्यावर तीच आज्ञावली पुन्हा चालवली तरी काही बिघडणार नाही. पुढे २००५ साली ल्यूक केनीज यांनी पपेट ही त्याच जातीची आज्ञावली आणली, आणि २०११ च्या सुमारास तिच्या जोडीला हायरा नावाचे साधन आले. थर वाचून त्यांतून उत्तर काढणे हेच हायराचे काम. २०१२ पासून ते पपेटमध्येच समाविष्ट झाले.

गोटीच्या उपमेला एक मर्यादा आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. गोटी तळाशी येते, कारण वाटी आहे. ज्या गोष्टीबद्दल आपण काहीच लिहिले नाही तिच्यासाठी वाटीच नाही. ती होती तेथेच राहते. हे लक्षात ठेवून एक उदाहरण पाहू.

समजा, एका महाविद्यालयाच्या सर्वसाधारण थरात तीन खाती लिहिली आहेत: प्राचार्य, लेखापाल आणि ग्रंथपाल. ग्रंथपालाच्या नोंदीत क्रमांक १२०१ आहे, ‘वाचक’ हा गट आहे आणि त्याची चावी आहे. आता ग्रंथालयातील यंत्रावर ग्रंथपालाला छापताही यावे, म्हणून त्या यंत्राच्या थरात कोणी एवढेच लिहिले: ग्रंथपाल, गट ‘मुद्रण’. लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे हे आपल्याला कळते. हायराला कळते का?

ते नियमावर अवलंबून आहे. हायराचा न सांगता लागू होणारा नियम ‘पहिले सापडेल ते’ असा आहे. खात्यांची यादी वरच्या थरात सापडली की खाली पाहायचेच नाही. या नियमाने ग्रंथालयाच्या यंत्राच्या यादीत एकटा ग्रंथपाल उरतो, तोही क्रमांक आणि चावी नसलेला. दुसरा नियम उथळ मिसळीचा. त्यात याद्या एकत्र होतात, प्राचार्य आणि लेखापाल खालून वर येतात, पण ज्याची नोंद दोन्हीकडे आहे त्याची वरची नोंद अख्खी घेतली जाते. ग्रंथपालाचा क्रमांक पुन्हा हरवला. तिसरा नियम खोल मिसळीचा. तो नोंदीच्या आत शिरतो. क्रमांक आणि चावी खालून घेतो, आणि गटांची यादी दोन्हीकडची मिळून ‘मुद्रण’ व ‘वाचक’ अशी करतो. लिहिणाऱ्याच्या मनातले उत्तर हेच होते. याखेरीज साध्या याद्यांसाठी, एकच गोष्ट दोनदा न येऊ देणारा एक नियम आहे. त्याची येथे गरज नाही.

कागद तेच, अक्षरे तीच, आणि उत्तरे तीन. क्रमांक हरवल्याने काय बिघडते असे कोणी विचारील. यंत्र नवीन असेल तर ते ग्रंथपालाला स्वतःजवळचा मोकळा क्रमांक देऊन टाकील, समजा १००४. आता काही यंत्रे मिळून एकच साठवणपेटी वापरत असली, आणि दुसऱ्या यंत्रावर १००४ हा क्रमांक आणखी कोणाचा असला, तर ग्रंथपालाने ठेवलेली फाइल त्या दुसऱ्या यंत्राच्या लेखी त्या माणसाची ठरते. तो ती उघडू शकेल, पुसूही शकेल. चोरी झाली नाही, कुलूप फुटले नाही. एक रकाना कोरा राहिला, एवढेच.

थरांच्या क्रमाविषयी थोडे सांगायला हवे. पदार्थविज्ञान शिकणाऱ्याच्या मनात ‘एकत्र करणे’ म्हटले की बेरीज येते. एका वस्तूवर तीन बले लावली तर आधी कोणते मोजले याने फरक पडत नाही. पण निसर्गातही सर्वत्र असे नाही. पोलरॉइडच्या तीन चकत्या घ्या. पहिलीचा अक्ष उभा, दुसरीचा ४५ अंशांत तिरपा, तिसरीचा आडवा. या क्रमाने ठेवल्या तर आदर्श चकत्यांतून साध्या प्रकाशाचा आठवा हिस्सा पार जातो. त्याच तीन चकत्या उभी, आडवी, तिरपी अशा क्रमाने ठेवा. काळोख! कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग पाच मिनिटांत दाखवता येतो आणि मुले तो विसरत नाहीत. थरांची माहिती या चकत्यांच्या जातीची आहे, बलांच्या जातीची नाही. अ‍ॅन्सिबल नावाची याच कामाची दुसरी आज्ञावली २०१२ मध्ये आली. तिच्यात यंत्रांचे गट करतात. एकच यंत्र सारख्या पातळीवरील दोन गटांत असेल, आणि वेगळे काही सांगितलेले नसेल, तर गटांच्या नावांतील अक्षरांच्या क्रमाने नंतर येणारा गट जिंकतो. म्हणजे गटाचे नाव बदलले तर निकाल बदलू शकतो. यंत्राच्या दृष्टीने हा नियम अगदी स्पष्ट आहे. माणसाच्या दृष्टीने तो लॉटरीहून फार वेगळा नाही, असे मला वाटते.

खोल मिसळीने आपले काम झाले, मग नेहमी तीच वापरावी, असे वरील उदाहरणावरून वाटेल. येथेच माझा अनेकांशी मतभेद आहे. उदाहरण थोडे बदलू. सर्वसाधारण थरात लेखापालाचे गट ‘वाचक’ आणि ‘प्रशासक’ असे आहेत. परीक्षा विभागाच्या यंत्रावर लेखापालाला प्रशासकाचे अधिकार नकोत. तेव्हा त्या यंत्राच्या थरात कोणी लिहितो: लेखापाल, गट ‘वाचक’. लिहिणाऱ्याला वाटते, मी ‘प्रशासक’ लिहिले नाही म्हणजे तो अधिकार गेला. खोल मिसळ दोन्ही याद्या एकत्र करते आणि उत्तर देते: ‘वाचक’, ‘प्रशासक’. काहीही झालेले नाही. कोठे चूक दाखवली जात नाही, कोणाचे काम अडत नाही. ज्याला अधिकार मिळायला हवा होता तो मिळाला नाही तर तो माणूस त्याच दिवशी तक्रार घेऊन येतो. ज्याचा अधिकार जायला हवा होता तो राहिला, तर तक्रार करायला कोण येणार?

मिळवणे आणि काढणे यांत हा फरक आहे. बेरजेच्या नियमाने अधिकार वाढतच जातात. कमी करायचे तर ‘नाही’ हा शब्द वेगळा उच्चारावा लागतो. हायरामध्ये त्यासाठी सोय आहे: आधी ठरवून दिले, तर शब्दामागे दोन आडव्या रेघा काढून ‘हे खालच्या थरातले खोडा’ असे सांगता येते. इंटरनेटच्या मानकांत २०१४ साली आलेल्या एका पद्धतीत किमतीच्या जागी ‘नल’ लिहिले की ती नोंद काढायची, असा अर्थ ठरवला आहे. आणि याद्यांची मिसळ ती करतच नाही, नवी यादी जुनीची जागा घेते. दोन्ही तऱ्हांत समान धागा असा की कोरी जागा आणि ‘नाही’ यांना वेगळी चिन्हे आहेत.

आता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा विचार करा. त्याचे नाव सर्वसाधारण थरातून पुसले. यादी स्वच्छ दिसते. पण पपेटच्या दृष्टीने त्या खात्याबद्दल आता कोणी काही बोलत नाही, आणि म्हणून ते खाते चाळीसही यंत्रांवर चावीसकट जसेच्या तसे राहते. वाटी काढून घेतली, गोटी तिथेच आहे! खाते जायला हवे असेल तर नाव ठेवून त्यापुढे ‘अनुपस्थित असावे’ असे लिहावे लागते. परवलीचा शब्द गोठवणे पुरेसे नाही. चावीने प्रवेश तरीही चालू राहू शकतो, असा इशारा लिनक्समधील त्या आज्ञेच्या माहितीपानावरच दिलेला आहे.

यावर एक जालीम उपाय सुचवला जातो: यादीत नाही ते प्रत्येक खाते काढून टाक, असेच यंत्राला सांगावे. पपेटमध्ये तशी सोय आहेही, आणि प्रणालीची स्वतःची खाती वगळण्याची तजवीजही आहे. म्हणजे कोऱ्या कागदाचा अर्थ कायमचा ‘नाही’ असा ठरवायचा. तर्काला हे नीटनेटके वाटते. पण वरचे उदाहरण आठवा. नियम चुकून ‘पहिले सापडेल ते’ असा राहिला आणि यादीत एकटा ग्रंथपाल उरला, तर मघाशी नवी खाती नुसती तयार झाली नसती. आता असलेली खातीही पुसली जातील, आणि त्यांत यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाचेही खाते असेल. कुलूप लावून किल्ली आत विसरण्याचा हा प्रकार चाळीस दारांवर एकदम होईल. म्हणून हा उपाय मला पसंत नाही. निदान, तयार होणारी यादी कोणीतरी डोळ्यांनी वाचून पाहीपर्यंत तरी तो वापरू नये.

मग मी काय सुचवतो? एकाच नियमाने सगळे हाकू नये. क्रमांकासारखी एकेरी गोष्ट एकाच थरात, सर्वांत खाली लिहावी आणि वर तिला कोणी हात लावू नये. चाव्या आणि अधिकारांच्या गटांसाठी खोल मिसळ टाळावी. एखाद्या यंत्रावर वेगळे अधिकार हवे असतील तर त्या नोंदीची पूर्ण यादी तेथेच लिहावी, म्हणजे वाचणाऱ्याला जे दिसते तेच घडते. थोडी पुनरुक्ती होईल, ती पत्करावी. गेलेल्यांची नावे पुसू नयेत, ‘अनुपस्थित’ या शेऱ्यासह ठेवावीत, आणि त्यांचे क्रमांक नव्या माणसांना देऊ नयेत. नाहीतर जुन्या माणसाच्या फाइली नव्याच्या मालकीच्या होऊन बसतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडलेल्या मुलाचे नाव खोडत नाहीत, सोडल्याची तारीख लिहितात, आणि त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. जुन्या कारकुनांना हे शहाणपण होते.

‘थरच नकोत, प्रत्येक यंत्राची पूर्ण यादी वेगळी लिहा,’ असेही काही जण म्हणतात. चार-पाच यंत्रांच्या शाळेसाठी मी त्यांच्याशी सहमत आहे. जिथे पाच कागद पुरतात तिथे थरांची व्यवस्था उभारणे ही हौस झाली. चाळीस यंत्रांवर मात्र एक माणूस गेला की चाळीस कागद खोडावे लागतील, आणि एकोणचाळिसावा विसरला जाईल.

शिक्षकांना हा भाग शिकवायला एकही संगणक लागत नाही. वर्गाचे तीन गट करावेत. प्रत्येकाने पाचसहा ओळींची यादी एका कागदावर लिहावी, कोणी काही जागा कोऱ्या सोडाव्यात. मग एकाला वरचा, एकाला मधला, एकाला खालचा थर म्हणून बसवावे आणि नियम फळ्यावर न लिहिता उत्तर काढायला सांगावे. वाद होईल. तो होऊ द्यावा, निदान दहा मिनिटे.

एखादा चलाख विद्यार्थी त्यात असेही विचारील: प्रत्येक बाबीला वेगळा नियम, तर मग नियम कोणत्या थरात लिहायचा, आणि दोन थरांत दोन वेगळे नियम असले तर ते कोणत्या नियमाने एकत्र करायचे? प्रश्न खोडसाळ वाटतो, पण हायराच्या कर्त्यांना तो सोडवावाच लागला. मिसळीचे नियमही तेथे थरांतच लिहिता येतात. त्या नियमांची मिसळ कशी करायची हे मात्र आज्ञावलीतच कायमचे ठरवून ठेवले आहे. ती नेहमी उथळ असते.